फोर्ड कुगा प्लग-इन हायब्रिड: धडकेत भक्कम, बॅटरीच्या बाबतीत कागद बघून घ्यायची गाडी

फोर्ड कुगाची तिसरी पिढी एप्रिल २०१९ मध्ये ॲमस्टरडॅमला दाखवली गेली आणि तिची प्लग-इन हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत प्लग लावून भरायची मोठी बॅटरी असलेली) आवृत्ती पुढच्या वर्षी युरोपच्या रस्त्यांवर आली. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळच्या अल्मुसाफेस कारखान्यात ती बनते. अमेरिकेत हीच गाडी एस्केप या नावाने विकली गेली, आणि लिंकन कॉर्सेअर हे तिचं महागडं भावंड. कुगा भारतात कधी आलीच नाही. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादनच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. पण ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेत वापरलेली प्लग-इन हायब्रिड शोधणाऱ्या मराठी घरांना ही गाडी हमखास दिसते. जागा भरपूर, मागे तीन माणसं नीट बसतात, विजेवर कागदोपत्री ५६ किलोमीटर जाते, आणि त्याच वर्गातल्या टोयोटापेक्षा साधारणपणे स्वस्त मिळते. स्वस्त का मिळते, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यासाठी पैसे मोजू नयेत.

आमचं मत आधीच सांगतो. धडक झाली तर ही गाडी आतल्या माणसांना चांगलं सांभाळते. तिने विश्वास गमावला तो उभी असताना आणि चार्जिंगला लावलेली असताना. सुरक्षेची ही दोन वेगळी खाती आहेत. शोरूममध्ये दाखवले जाणारे स्टार पहिल्या खात्यातले असतात. दुसऱ्या खात्याबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

धडकेचा हिशेब

नव्या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०१९ साली कुगाला पाच स्टार दिले. मोठ्या प्रवाशांच्या संरक्षणासाठी ९२ टक्के, मुलांसाठी ८६, पादचारी आणि सायकलस्वारांसाठी ८२, आणि चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांसाठी ७३ टक्के. आकडे चांगलेच आहेत, पण त्यांचं वर्ष विसरू नका. २०२० पासून युरो एनकॅपने समोरची चाचणी बदलली. तोपर्यंत गाडी ताशी ६४ किलोमीटरने स्थिर अडथळ्यावर आदळवली जायची. नव्या चाचणीत गाडी आणि समोरून येणारी १,४०० किलोची ट्रॉली, दोन्ही ताशी ५० किलोमीटरने एकमेकांवर येतात, आणि आपल्या गाडीने समोरच्याचं किती नुकसान केलं यालाही गुण आहेत. बाजूची चाचणीही जास्त वजनाची आणि जास्त वेगाची झाली. शिवाय बाजूने धडक बसल्यावर शेजारी बसलेल्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात का, हेही तेव्हापासून तपासलं जाऊ लागलं. म्हणून २०१९ चे पाच स्टार आणि २०२२ च्या एखाद्या गाडीचे पाच स्टार शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं आहे. प्लग-इन कुगाचं वजन सुमारे १,८५० किलो आहे, हेही ध्यानात ठेवा. साध्या पेट्रोल कुगापेक्षा ती बरीच जड आहे.

अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या दोन चाचण्या इथे जास्त उपयोगाच्या आहेत, कारण त्या एस्केपची बलस्थानं आणि उणिवा दोन्ही दाखवतात.

पहिली आहे डिसेंबर २०२२ ची. समोरून ४० टक्के भाग धडकणारी ही जुनी चाचणी त्या वर्षी बदलली गेली आणि चालकाच्या मागे लहान चणीच्या स्त्रीच्या मापाची डमी बसवली गेली. त्यामागे ठोस कारण होतं: नव्या गाड्यांमध्ये पट्टा लावलेल्या माणसाला मागच्या सीटवर जिवाचा धोका पुढच्या सीटपेक्षा ४६ टक्के जास्त असल्याचं याच संस्थेने काढलं होतं. वर्षानुवर्षं पुढच्या सीटचे पट्टे आणि एअरबॅग सुधारत गेले, मागची सीट तशीच राहिली. पंधरा छोट्या एसयूव्हींपैकी फक्त दोघींना ‘गुड’ ही सर्वोच्च श्रेणी मिळाली: फोर्ड एस्केप आणि व्हॉल्व्हो एक्ससी ४०. टोयोटा रॅव्ह ४ ‘ॲक्सेप्टेबल’वर थांबली. होंडा सीआर-व्ही, ह्युंदाई टक्सन आणि माझदा सीएक्स-५ सकट नऊ गाड्या ‘पुअर’ ठरल्या. ज्या घरांत सुट्टीला आलेले आईवडील आणि मोठी होत चाललेली मुलं मागे बसतात, त्यांच्यासाठी या गाडीबद्दलची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. आमच्या मते ती पाच स्टारांपेक्षाही मोलाची.

दुसरी चाचणी २०२१ ची, बाजूच्या धडकेची. आदळणाऱ्या ट्रॉलीचं वजन सुमारे १,५०० किलोवरून १,९०० किलोवर गेलं, वेग ताशी ५० वरून ६० किलोमीटरवर, आणि एकूण ऊर्जा ८२ टक्क्यांनी वाढली. यात एस्केप ‘मार्जिनल’, म्हणजे ‘पुअर’च्या फक्त एक पायरी वर, ठरली. त्या फेरीत ‘गुड’ फक्त माझदा सीएक्स-५ ला मिळालं, आणि तीच माझदा मागच्या सीटच्या चाचणीत आपटली. चौकात बाजूने मोठी गाडी येऊन आदळणं हा अमेरिकेतला नेहमीचा अपघात आहे. तिथे राहणाऱ्यांनी ही उणीव गंभीरपणे घ्यावी.

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि लेनमध्ये ठेवणारी मदत दोन्ही बाजारांत मुळातच येते. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा, इशारा अमेरिकेत सगळ्या एस्केपना मिळाला, युरोपात मात्र कित्येक कुगांमध्ये तो पॅकेजचा भाग होता. वापरलेली गाडी बघताना आरशात तो दिवा लागतो का, ते स्वतः तपासा.

बॅटरी: २०२०

आता दुसरं खातं. गाडी बाजारात येऊन काही महिनेच झाले होते, आणि युरोपात प्लग-इन कुगांना आगी लागल्याच्या घटना पुढे आल्या. ऑगस्ट २०२० मध्ये फोर्डने विक्री थांबवली आणि सुमारे २०,५०० मालकांना दोन गोष्टी सांगितल्या: गाडी चार्जिंगला लावू नका, आणि ‘ईव्ही ऑटो’ सोडून दुसरा मोड वापरू नका. कारण पुढे स्पष्ट झालं. सेल बनवताना त्यांत बाहेरचे कण गेले होते. हे सेल सॅमसंग एसडीआयचे. त्याच ऑक्टोबरमध्ये बीएमडब्ल्यूनेही जगभरातल्या सुमारे २७ हजार प्लग-इन गाड्या सेलमधल्या कणांच्याच कारणावरून परत बोलावल्या. त्यांत एक्स १ आणि एक्स ३ सुद्धा होत्या.

फोर्डने तेव्हा योग्य तो उपाय केला: दुरुस्तीच्या फंदात न पडता पूर्ण बॅटरी पॅक बदलून दिले. ते काम डिसेंबर २०२० च्या अखेरीपासून २०२१ च्या मार्चपर्यंत चाललं. कंपनीला सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला, एस्केप प्लग-इनचं अमेरिकेतलं आगमन लांबलं, आणि युरोपचं त्या वर्षाचं कार्बन उत्सर्जनाचं उद्दिष्ट गाठण्यासाठी फोर्डला व्हॉल्व्होच्या गाड्यांबरोबर आपला हिशेब जोडावा लागला. एका कारखान्यातले सूक्ष्म कण एवढ्या मोठ्या कंपनीला इतके महाग पडतात, ते का, हे सेलची रचना पाहिली की कळतं.

लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण बाजूचे पातळ पत्रे एकमेकांना चिकटून असतात आणि मध्ये साधारण १० ते २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो. त्याला सेपरेटर म्हणतात. चार्ज होताना सेल किंचित फुगतो, रिकामा होताना आकसतो. आत धातूचा कण असेल तर या दाबात तो हळूहळू पडद्यात रुततो. छिद्र पडलं की दोन्ही बाजू जोडल्या जातात, त्या जागी उष्णता साचते, पडदा वितळतो, शॉर्ट मोठा होतो आणि सेलमधून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. शेजारचा सेल तापला की तीच साखळी पुढे सरकते. बाहेरून फ्यूज किंवा स्विच तोडून हे थांबत नाही, कारण शॉर्ट सेलच्या पोटात असतो.

प्लग-इन हायब्रिडमध्ये यावर आणखी एक भार पडतो, ज्याकडे फार कमी लोक बघतात. कुगाची बॅटरी १४.४ किलोवॉट-तासांची आहे. रोजच्या येण्याजाण्यात ती जवळजवळ रिकामी होते आणि रात्री पुन्हा भरली जाते. म्हणजे जवळपास रोज एक पूर्ण फेरा. ६०-७० किलोवॉट-तासांच्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीचा तेवढाच वापर झाला तर एका फेऱ्याला बरेच दिवस लागतात. शिवाय छोट्या पॅकमधून मोटरला हवी तेवढी ताकद काढायची, तर प्रत्येक सेलवर ताण जास्त. त्यामुळे सेलमधला छोटासा दोष प्लग-इन गाडीत लवकर डोकं वर काढतो. मित्सुबिशी आउटलँडर या त्याच वर्गातल्या गाडीला हा धडा २०१३ मध्येच मिळाला होता: योकोहामाच्या एका विक्रेत्याकडे बॅटरी तापून वितळली, आणि दोष सेलच्या कारखान्यातल्या प्रक्रियेत सापडला.

‘चार्ज करू नका’ आणि ‘ईव्ही ऑटोच वापरा’ या सूचनांमागेही हेच शास्त्र आहे. सेल जितका भरलेला, तितकी शॉर्टच्या वेळी बाहेर पडणारी ऊर्जा जास्त आणि आतला दाबही जास्त. मालवाहू विमानातून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या नेताना त्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या नसाव्यात, असा नियम २०१६ पासून आहे, तो यासाठीच. ईव्ही ऑटोमध्ये प्लग न लावता गाडी चालवली की बॅटरी खालच्या पातळीवर राहून साध्या हायब्रिडसारखी काम करते. ‘ईव्ही चार्ज’ मोड मात्र चालत्या इंजिनाने बॅटरी भरत राहतो. प्लग लावला नाही, पण हा मोड चालू ठेवला, तर सूचनेचा उपयोगच राहत नाही.

बॅटरी: २०२४ आणि नंतर

प्रकरण तिथेच संपलं असतं तर ही गाडी आम्ही निर्धास्तपणे सुचवली असती. डिसेंबर २०२४ मध्ये फोर्डने अमेरिकेत २०,४८४ एस्केप आणि कॉर्सेअर प्लग-इन गाड्या परत बोलावल्या. रिकॉल क्रमांक २४एस७९. कारण पुन्हा तेच, बॅटरीच्या सेलमध्ये आतला शॉर्ट. फरक एवढाच की यावेळी बोट बाहेरच्या कणांपेक्षा सेपरेटरच्या नुकसानीकडे होतं. जीप रँग्लर आणि ग्रँड चेरोकी यांच्या ‘फोर बाय ई’ प्लग-इन गाड्या याच धर्तीच्या कारणाने आधीच परत बोलावल्या गेल्या होत्या. पुढे सॅमसंग एसडीआयच्या अमेरिकी कंपनीने फोर्ड, जीप आणि ऑडी मिळून सुमारे १ लाख ८० हजार पॅकची नोंद केली. २०२५ च्या सुरुवातीला युरोपातल्या कुगा मालकांनाही पुन्हा तीच सूचना गेली: प्लग लावू नका, ईव्ही ऑटोमध्ये चालवा.

यावेळचा उपाय मात्र वेगळा. सरसकट पॅक बदलण्याऐवजी सॉफ्टवेअर घालायचं. ते सेलच्या व्होल्टेजवर नजर ठेवतं आणि एखादा सेल बाकीच्यांपासून फटकून वागू लागला तर इशारा देतं. मग तेवढ्याच गाड्यांचा पॅक बदलायचा. तांत्रिकदृष्ट्या हे निरर्थक नाही. आतला शॉर्ट बऱ्याचदा हळूहळू वाढतो आणि तो सेल इतरांपेक्षा लवकर उतरू लागतो, हे मोजता येतं. पण गॅसगळतीचा अलार्म बसवला म्हणून शेगडीची नळी नवी होत नाही. सदोष सेल गाडीत तसाच राहतो, फक्त त्याच्यावर पहारा बसतो. २०२० मध्ये पूर्ण पॅक बदलणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये पहाऱ्यावर भागवावं, हे आम्हाला पटत नाही. आणि उपाय हातात येईपर्यंत मालकांनी महिनोन् महिने जड बॅटरीचं ओझं वाहत पेट्रोल जाळावं, हे तर अजिबात नाही. प्लग-इनसाठी जास्त पैसे मोजलेल्या माणसाच्या हातात या काळात साधी हायब्रिडच उरते, आणि तीही जास्त वजनाची.

विक्रेता म्हणेल, ‘बॅटरी २०२१ मध्ये नवी बसवली आहे, काळजी नको.’ यावर विसंबू नका. ते पहिल्या रिकॉलचं काम होतं. दुसऱ्या रिकॉलसाठी गाडीचा व्हीआयएन (तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नव्याने तपासावा लागतो.

इंजिनाच्या कप्प्यातली आग

बॅटरीच्या गोंधळात हा भाग विसरला जातो, पण तो तितकाच गंभीर आहे. या गाडीच्या २.५ लिटर पेट्रोल इंजिनाच्या निर्मितीतल्या दोषामुळे काही गाड्यांमध्ये इंजिनाचा ब्लॉक किंवा ऑइल पॅन फुटू शकतो. मग ऑइल आणि पेट्रोलची वाफ खाली साचते आणि गरम भागाला लागून पेटते. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत एस्केप, मॅव्हरिक आणि कॉर्सेअर मिळून १,००,६८९ हायब्रिड आणि प्लग-इन गाड्या परत बोलावल्या गेल्या (२२एस४७). उपाय असा होता: पुढच्या जाळीमागच्या उघडझाप करणाऱ्या शटरच्या पट्ट्या काही प्रमाणात काढायच्या आणि इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या आवरणात वाट करून द्यायची, म्हणजे वाफ साचणार नाही आणि ऑइल खाली पडून जाईल. तेवढ्याने भागलं नाही. दुरुस्त केलेल्या गाड्यांमध्येही घटना घडल्याने मे २०२३ मध्ये १,२५,३२२ गाड्यांचा नवा रिकॉल निघाला (२३एस२७).

चालकासाठी यातून एकच सूचना निघते, पण ती पक्की लक्षात ठेवावी. इंजिनातून अनोळखी ठोके ऐकू आले, अचानक ताकद गेली किंवा धूर दिसला, तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणत गाडी रेटू नका. कडेला घ्या, बंद करा, सगळ्यांना उतरवा. हायब्रिडमध्ये इंजिन मधूनच सुरू होतं आणि मोटर उणीव भरून काढते, त्यामुळे बिघडलेलं इंजिन लवकर लक्षात येत नाही.

एस्केपच्या नावाने फिरणारा आणखी एक मोठा रिकॉल आहे: तीन सिलिंडरच्या १.५ लिटर इंजिनाच्या इंजेक्टरला तडे जाऊन पेट्रोल गळण्याचा. २०२२ मध्ये सुमारे ५ लाख २२ हजार आणि २०२५ मध्ये सुमारे ६ लाख ९४ हजार गाड्या त्यात आल्या. तो प्लग-इनला लागू नाही, कारण प्लग-इनमध्ये ते इंजिनच नाही. दोन्हीची गल्लत करून या गाडीला विनाकारण आणखी बदनाम करू नये.

वापरलेली गाडी बघायला जाल तेव्हा

आधी सतरा अक्षरी व्हीआयएन मागा. तो विंडस्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळावर रिकॉल तपासता येतात आणि फोर्डच्या संकेतस्थळावर व्हीआयएन टाकून थेट त्या गाडीची स्थिती कळते. अमेरिकेत एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर व्हीआयएन टाका. जर्मनीत केबीए या सरकारी वाहन कार्यालयाची रिकॉल-सूची आहे. ब्रिटनमधली एमओटी ही वार्षिक तपासणी पास झाली म्हणजे रिकॉलची कामं पूर्ण झाली, असा अर्थ होत नाही. अमेरिकेत तर विक्रेत्याला उघडा रिकॉल असलेली जुनी गाडी विकायला संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. बंदी फक्त नव्या गाडीवर आहे. दुरुस्ती मात्र मोफत, आणि अमेरिकेत हा हक्क पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षं राहतो. मालक बदलला तरी तो जात नाही.

संकेतस्थळावर ‘रिकॉल नाही’ दिसलं तरी कोणत्याही अधिकृत फोर्ड डीलरकडून त्यांच्या ओएसिस प्रणालीतली छापील नोंद काढून घ्या. तिथे प्रत्येक मोहिमेचा क्रमांक आणि ती पूर्ण झाली की उघडी आहे, हे दिसतं. ‘उपाय उपलब्ध, काम बाकी’ आणि ‘उपायच अजून आलेला नाही’ यांत मोठा फरक आहे. पहिल्यात विक्रेत्याकडून काम करवून घेऊनच व्यवहार करा. दुसऱ्यात गाडी न घेतलेली बरी. घ्यायचीच असेल तर किंमत साध्या हायब्रिडच्याही खाली असायला हवी.

गाडी हातात आल्यावर चार्जिंग करून बघायला सांगा, पण रिकॉल बंद झाल्याची खात्री पटल्यावरच. पोर्ट पुढच्या डाव्या मडगार्डवर असतो. भिंतीवरच्या चार्जरला रिकामी बॅटरी भरायला साधारण साडेतीन तास लागतात आणि घरच्या साध्या प्लगवर सहा. जलद डीसी चार्जिंगची सोयच नाही, त्यामुळे कोणी ‘फास्ट चार्ज होते’ म्हणत असेल तर त्याला गाडीची माहिती नाही. पूर्ण भरल्यावर उन्हाळ्यात ४५ ते ५० किलोमीटरचा अंदाज दिसणं ठीक. कडक थंडीत ३५ च्या आसपासही चालेल. त्याहून बरीच कमी असेल तर पॅकची तपासणी मागा.

मग इंजिन. थंड गाडीत बॅटरी नंतरसाठी राखून ठेवणारा ‘ईव्ही लेटर’ मोड निवडला की इंजिन सुरू होतं; बॉनेट उघडा ठेवून दोन मिनिटं ऐका. ऑइलची पातळी डिपस्टिकवर स्वतः बघा. कूलंटची पातळीही बघा, कारण या गाडीत बॅटरीही द्रवानेच थंड होते आणि पातळी कमी असणं ही किरकोळ गोष्ट नाही. खाली वाकून इंजिनाचं आवरण बघा: ते जागेवर आहे का, त्यावर ऑइलचे ओघळ आहेत का. त्याच्या मागे, तळाशी बॅटरीच्या पेटीवर खोल ओरखडे किंवा पोचे असतील तर गाडी सोडून द्या. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलवर टेप गुंडाळलेला दिसला तरीही तोच निर्णय.

विंडस्क्रीन बदललेली आहे का, हे विचारायला लोक विसरतात. आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा तिथेच, आरशामागे असतो. काच बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा अचूक जुळवणं) केलं नसेल तर यंत्रणा उशिरा जागी होते किंवा उगाच ब्रेक लावते. कॅलिब्रेशनची पावती मागा. पुढचा बंपर बदलला असेल तर रडारबद्दलही तेच.

रोजच्या वापरात

सूचना लागू असेपर्यंत प्लग नाही, हा नियम काटेकोर पाळा. ती उठल्यावर शक्य असेल तर स्वतंत्र सर्किटवरचा भिंतीवरचा चार्जर वापरा. तीन पिनच्या सॉकेटवर चार्ज करायचं झालं तर एक्स्टेंशनची रीळ कधीच नको. गुंडाळलेल्या वायरमध्ये उष्णता साचते. पहिल्या काही वेळा तासाभराने सॉकेटला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबवा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. घराला जोडलेलं गॅरेज असेल तर गाडी बाहेर, भिंतीपासून दूर ठेवलेली बरी. प्लग-इन गाड्या बहुतेक रात्री, सगळे झोपेत असताना चार्ज होतात, आणि खरा धोका गाडीपेक्षा घराला असतो.

पडद्यावर ‘स्टॉप सेफली नाऊ’ आलं तर अर्थ तंतोतंत तोच घ्या. गाडीखालून शिट्टीसारखा किंवा फुटण्याचा आवाज, पांढरट-करडी वाफ किंवा रसायनाचा उग्र वास आला तर दारं-खिडक्यांच्या मागे लागू नका, सामान काढू नका, सगळ्यांना निदान पंधरा मीटर लांब न्या. ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, अमेरिकेत ९११. फोनवर पहिल्याच वाक्यात ‘प्लग-इन हायब्रिड’ असल्याचं सांगा, कारण अग्निशमन दलाला पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींची तयारी करावी लागते. युरो एनकॅपच्या ‘युरो रेस्क्यू’ ॲपमध्ये गाड्यांचे बचाव-नकाशे आहेत: बॅटरी कुठे, वीज कुठून तोडायची, कापायचं कुठे. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. म्हणून अशी गाडी टो करून नेल्यावर इमारती आणि इतर गाड्यांपासून पंधरा मीटर मोकळ्या जागेत ठेवायला सांगा, आणि यार्डातल्या माणसाला कारणही सांगा. पुष्कळदा त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

इंटरनेटवर ‘एक लाख हायब्रिडमागे इतक्या आगी’ असे आकडे फिरतात आणि त्यांत हायब्रिड सगळ्यात वाईट दिसते. त्यांच्यावरून या गाडीचा निवाडा करू नका. ज्या अमेरिकी संस्थेचं नाव त्याखाली दिलं जातं, ती एनटीएसबी ही अपघातांचा तपास करणारी संस्था, असा देशभरच्या गाड्यांच्या आगींचा हिशेब ठेवतच नाही. कुगाविरुद्ध बोलायला तिचे स्वतःचे रिकॉल पुरेसे आहेत, आणि ते कोणालाही वाचता येतात.

प्लगचा हट्ट नसेल, तर याच कुगाची प्लग नसलेली हायब्रिड जास्त शहाणपणाची खरेदी आहे. धडकेतलं संरक्षण जवळपास तेच मिळतं, बॅटरी अगदी छोटी असते, आणि २४एस७९ तिला लागू नाही. इंजिन मात्र तेच २.५ लिटरचं आहे, त्यामुळे व्हीआयएन टाकून इंजिनाचे दोन रिकॉल तिथेही तपासावे लागतील.